उलट्या लवेचा कोट

थोरलीला काय सलत होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. सासऱ्यांनी तिला रडवून रडवून शिवण शिकवलं होतं, आणि धाकट्या जावेला मात्र ते एका शब्दानेही बोलत नव्हते. बस, एवढंच. सासरा बोलतो म्हणून डोळे पुसणाऱ्या सुना पुष्कळ असतात; हिला तो दुसरीला बोलत नाही याचा त्रास होता. नवऱ्याजवळ तिने हे एकदा बोलून दाखवलं, तेव्हा तो जेवता जेवता थांबला.

"म्हणजे बाबांनी तिलाही रडवावं, असं तुझं म्हणणं आहे का?"

"हो," थोरली म्हणाली.

तो बिचारा छापखान्यात कामाला. त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा ताटात लक्ष घातलं.

घर वर आणि दुकान खाली. रस्त्याकडे तोंड केलेली मोठी खिडकी, खिडकीला लागून कापड बेतायचं लांब टेबल, आतल्या भिंतीशी दोन मशीन, कोपऱ्यात इस्त्रीचा फळा आणि माणूसभर उंचीचा आरसा. कोट, जाकिटं, पँटी, बायकांचे लांब झगे, सगळं तिथे शिवलं जाई. सासऱ्यांना अख्खा रस्ता मास्तर म्हणे. थोरली लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिने दुकानात "बाबा" अशी हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "बाबा वरच्या मजल्यावर. इथे मास्तर." तेव्हापासून ती वरच्या मजल्यावरही मास्तरच म्हणू लागली. जिन्याच्या नेमक्या कुठल्या पायरीवर हाक बदलायची, हे तिला कधी जमलंच नाही.

मास्तरांची एक रीत होती. शिवून झालेला कपडा ते खिडकीशी नेत, उलटा करत आणि उजेडात धरत. चूक दिसली की तो कपडा शिवणारीच्या मांडीवर येऊन पडे आणि त्याच्यावर एक सुई. ज्याची चूक त्यानेच उसवायची, तीही सुईने, एकेक टाका उचलून. पात्याने उसवलं की कापड दुखावतं, असं त्यांचं म्हणणं. वर दोन वाक्यं ऐकवत, ती आठवडाभर पुरत. "पोतं शिवायची हौस असेल तर सांग, गोणपाट आणून देतो," हे त्यातलं त्यातल्या त्यात मवाळ. पहिल्या हिवाळ्यात थोरलीने एक कॉलर इतक्या वेळा उसवली की ती कॉलर तिच्या स्वप्नात येऊन तिच्याशी भांडायला लागली. एकदा तर ती बोचकं बांधून माहेरी निघालीही होती. पण गाठ मारता मारता तिला एकदम उमगलं की बाहीला पडणारी ती मेली चुणी खांद्यापासून सोडवायची असते, मनगटापासून नाही. बोचकं खाटेवर टाकून ती खाली आली आणि बाही लावायला बसली. त्या दिवशी मास्तर खिडकीशी उभे राहून म्हणाले, "हं."

हे "हं" म्हणजे मास्तरांच्या कौतुकाची हद्द. त्याच्यापुढे त्यांच्याकडे शब्द नव्हता. थोरलीने ते कोणाला सांगितलं नाही. मागे जाऊन ती पेलाभर पाणी प्यायली आणि भिंतीकडे बघून हसली.

पुढे दिवस पालटले. मास्तरांनी हाताखाली माणसं ठेवून पाहिली. एकाला पहिल्यांदा उसवायला दिलं, तो चहाला म्हणून गेला तो छत्री न्यायलासुद्धा परत आला नाही. एका मुलीची आई दुकानात येऊन उभी राहिली. "तुम्ही असं बोलता म्हणून माझी मुलगी खचते," म्हणाली. मास्तरांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. गिऱ्हाईकंही तशीच. पूर्वी अस्तराचा एक टाका बाहेर डोकावला तरी कोट परत आणून टेबलावर आपटणारी माणसं होती. आता बाही बोटभर लांब झाली तर लोक ती दुमडून घालत आणि आरशात बघून "मस्त!" म्हणत. थोरलीला या सगळ्याची मनापासून चीड होती. कोणाला सोसत नाही, कोणाला थांबायचं नाही, कोणाला बोललेलं खपत नाही, असं तिचं दिवसभर चाले. त्यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं धाकटीला उद्देशून होतं.

धाकटी आली ती हसत आली. पहिल्याच दिवशी दुकानाच्या मधोमध उभी राहून तिने खणखणीत हाक मारली, "बाबा!" थोरलीने मशीन थांबवलं आणि कान टवकारले. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय गं?" म्हणाले. थोरलीच्या मशीनची सुई तेव्हाच मोडली. कापड जाड होतं म्हणून, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

धाकटीने शिवलेली पहिली पँट मास्तरांनी खिडकीशी नेलीच नाही. बसल्या जागेवरून पाहिली, मान हलवली. "चालेल."

चालेल! हा शब्द त्या दुकानात आजवर कोणी उच्चारला नव्हता. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता, हे तिला लांबून दिसत होतं. दुपारी धाकटी वर गेली तेव्हा तिने तो पाय गुपचूप उसवून नीट केला, दुकानाचं नाव जाऊ नये म्हणून. आणि मग आपणच तिची लाज झाकली म्हणून तिला स्वतःचाच संताप आला. असं मग वरचेवर होऊ लागलं. बरं, धाकटी स्वभावाने वाईट असती तरी सोय होती. ती आपली चहा करून आणायची, समोर ठेवायची आणि म्हणायची, "ताई, तुमच्यासारखा हात मला कधी यायचा हो?" आता अशा बाईशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं? थोरलीने मूग गिळले आणि चहा थंड होऊ दिला.

या सगळ्याच्या मुळाशी होती कात्री. शिवणारा कितीही तरबेज असो, कापडाला कात्री लावणार ते मास्तरच. शिवणीतली चूक उसवता येते, कापलेलं कापड पुन्हा जुळत नाही. मास्तरांनी ती काळ्या मुठीची जड कात्री कोणाच्या हातात कधी दिली नव्हती. आणि आता त्यांचा हात थरथरू लागला होता. चहाची बशी वाजायची, खडूची रेघ नागमोडी यायची. कात्री आज ना उद्या सुनांपैकी एकीकडे जाणार, हे तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही त्यावर अवाक्षर काढत नव्हते. ती आपल्याकडेच यायला हवी, याबद्दल थोरलीला तिळमात्र शंका नव्हती. झोप मात्र लागत नव्हती.

अशात एक दिवस व्हायोलिन वाजवणाऱ्या एक बाई गडद जांभळी मखमल घेऊन आल्या. मोठ्या वाद्यवृंदात त्या मागच्या रांगेत बसून वाजवत. यंदा पहिल्यांदाच एकटीने पुढे उभं राहून वाजवायचं होतं. त्यासाठी कोट हवा होता. मास्तरांनी मापं घेतली, मखमल टेबलावर पसरली, कात्री उचलली. ती त्यांच्या हातात थरथरली. बाईंच्या ते लक्षात आलं. मास्तरांनी कात्री खाली ठेवली, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि वळले.

"धाकटे, ये इकडे. तू काप."

थोरली इस्त्रीच्या फळ्याशी होती. आपण बरोबर ऐकलं का, हे तिने मनाशी तपासून पाहिलं. बरोबरच ऐकलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मान मोडून बसले ती मी, उसवून उसवून बोटांना घट्टे पडले ते माझ्या, आणि कात्री हिला! तीही परक्या बाईसमोर! धाकटीचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला आणि थोरलीने तिच्याकडे पाठ केली.

मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर ती मऊ लागते, उलट फिरवला तर खरखरीत. लवेची दिशा बदलली की रंगही बदलतो. एकच कापड एकीकडून उजळ दिसतं, दुसरीकडून काळपट. म्हणून कोटाचे सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात, मग कापड कितीही वाया जावो. साध्या कापडाला ही भानगड नसते. तिथे एक भाग सुलटा, एक खालचं टोक वर करून उलटा असे ठेवले की चांगलं हातभर कापड वाचतं. धाकटीने आजवर मास्तरांना साधंच कापड कापताना पाहिलं होतं. तिने तेच केलं. डावीकडचा पुढचा भाग उलटा ठेवला, कापला आणि उरलेला तुकडा आनंदाने घडी करून ठेवला. "बघा ताई, किती वाचलं!" म्हणाली. मास्तर तेव्हा बाईंना सोडायला रस्त्याच्या टोकापर्यंत गेले होते.

कापलेले भाग वाफ द्यायला थोरलीकडे आले. तिने उजव्या भागावरून हात फिरवला, मग डाव्या भागावरून. हात तिथेच थांबला.

आता फक्त तोंड उघडायचं होतं. "अगं, लव उलटी गेली," एवढंच म्हणायचं होतं. उरलेल्या कापडातून दुसरा भाग निघाला असता आणि विषय तिथेच संपला असता. थोरलीने तोंड उघडलं नाही. तिला ती खिडकी हवी होती. मास्तरांनी हा कोट उजेडात धरावा, त्यांची भुवई चढावी, कोट धाकटीच्या मांडीवर येऊन पडावा आणि वर सुई. हे एकदा डोळ्यांनी पाहायचं, बाकी काही नको. ती मत्सराने पेटली होती आणि ते तिला चांगलं कळत होतं. कळत असूनही तिने तो कोट शिवायला घेतला, आणि असा शिवला की आजवर कधी शिवला नसेल. एक टाका इकडे नाही, एक तिकडे नाही. आपल्या शिवणीत बोट ठेवायला जागा नको, बोट नेमकं कापण्यावरच जायला हवं, एवढा हिशेब तिने केला होता.

कोट तयार झाला. थोरलीने तो स्वतः मास्तरांच्या हातात दिला. ते उठले, खिडकीशी गेले, कोट उलटा केला, शिवणी पाहिल्या. मग सुलटा केला. उजवीकडून हात फिरवला. डावीकडून फिरवला. हात थांबला. धाकटी मशीनमध्ये दोरा ओवत गुणगुणत होती.

मास्तर वळले. त्यांनी धाकटीकडे पाहिलं नाही. थोरलीकडे पाहिलं, चांगलं टक लावून पाहिलं. मग कोट खुंटीला टांगला.

"चालेल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी व्हायोलिनवाल्या बाई आल्या. कोट अंगात घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. एक बाजू जांभळी, एक जवळजवळ काळी. थोरलीला वाटलं, आता तरी. निदान गिऱ्हाईक तरी बोलेल.

"अय्या!" बाई म्हणाल्या. "दोन छटा! हे तुमचं डिझाइन का? किती वेगळं वाटतंय!"

बाईंना उत्तराची गरज नव्हती. त्यांनी दोनदा गिरकी घेतली, मैत्रिणींना याच दुकानात पाठवते म्हणाल्या आणि कोट अंगात घालूनच बाहेर पडल्या. धाकटी आरशाकडे बघत राहिली होती. तिचं गुणगुणणं बंद झालं होतं. तिने टेबलाखालून तो उरलेला तुकडा काढला, त्याच्यावरून एकदा असा, एकदा तसा हात फिरवला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

मास्तर खुर्चीत बसले. "कशाला बोलायचं? त्या बाई खूश आहेत. हल्ली लव कोण बघतं? तुला बोललो असतो तर तू रडली असतीस. उद्यापासून खाली आली नसतीस. सगळी जातात गं. आता कोणाच्या मागे लागायची ताकद नाही माझ्यात."

"ताईंना रडवलंत ना? त्या गेल्या का?"

"तिची गोष्ट वेगळी."

"वेगळी म्हणजे काय?" धाकटीचा आवाज चढला. तिचा आवाज चढू शकतो, हे थोरलीला आज कळत होतं. "मी आल्यापासून बघतेय. ताईंचा कपडा तुम्ही खिडकीशी नेता, दोन्ही बाजूंनी बघता. माझा बसल्या जागेवरून. मला वाटायचं, होईल हळूहळू. एकदा तरी उसवायला लावाल. पण तुम्ही आपलं चालेल, चालेल! म्हणजे माझ्याकडून काही व्हायचंच नाही, हे तुम्ही धरूनच चाललात. ताईंचा किती हेवा वाटतो मला, माहिती आहे?"

जे आपल्याला डोळ्यांत सलत होतं तेच हिलाही सलत होतं, फक्त दुसऱ्या बाजूने, हे थोरलीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला धाकटीची दया यायला हवी होती. ती थोडीशी आलीही. पण त्याआधी तिला एक भलताच आनंद होऊन गेला, आणि त्या आनंदाची तिला लगेच लाज वाटली.

धाकटी तिच्याकडे वळली. "ताई, तुम्हीही ओळखलं असणार. वाफ तुम्हीच दिलीत."

थोरली इस्त्रीच्या फळ्यावरची चुणी सारखी करत राहिली.

"हात लावल्याबरोबर ओळखलं तिने," मास्तर म्हणाले. "आणि बोलली नाही. तुझी चूक अजाणतेपणी झाली. हिने जाणूनबुजून माझ्या दुकानातून असला कोट बाहेर जाऊ दिला. मी हिला इतकी वर्षं हेच शिकवलं का?"

कित्येक वर्षांत मास्तर तिला असं लागेल असं बोलले नव्हते. थोरलीचे डोळे भरून आले. पण तीही आज गप्प बसणार नव्हती.

"आणि तुम्ही? तुम्ही नाही जाऊ दिलात? कात्री मला दिली असती तर हे झालंच नसतं. मला का नाही दिलीत?"

मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले, "तू कापलं असतंस तर मला बघावंसुद्धा लागलं नसतं. तुझ्या हातात कात्री गेली की मी जिना चढून वर जाऊन बसायचं. दुसरं काय उरतं मला इथे?"

तेवढ्यात दार धाडकन वाजलं. धाकटी रस्त्यावर धावत सुटली होती, चपलासुद्धा न घालता.

ती परतली तेव्हा धापा टाकत होती आणि कोट तिच्या दोन्ही हातांवर आडवा होता. "त्या देईचनात," ती सांगू लागली. "म्हणाल्या, मला असाच आवडतो. मी सांगितलं, डिझाइन कसलं, चूक आहे माझी. तरी पटेना. शेवटी त्यांचाच हात धरून दोन्ही बाजूंनी फिरवायला लावला. मग एकदम गप्प झाल्या. दुकानांसमोर, भर रस्त्यात कोट काढून दिला त्यांनी. कार्यक्रमाच्या आत नीट करून द्या म्हणाल्या."

थोरली ऐकत राहिली. तिने आयुष्यात किती उसवलं, पण सगळं या चार भिंतींच्या आत. गिऱ्हाईकाच्या तोंडावर जाऊन "माझी चूक आहे" म्हणायची वेळ तिच्यावर आली नव्हती, आणि आली असती तर आपण असे धावलो असतो का, हे तिला सांगता येईना. धाकटीच्या पायाला माती लागली होती, केस सुटले होते आणि ती कधी नव्हे इतकी देखणी दिसत होती. थोरलीच्या पोटात पुन्हा ते ओळखीचं दुखायला लागलं.

मास्तर उठले. त्यांनी उरलेला मखमलीचा तुकडा टेबलावर पसरला, लव तपासली, बोटांनी माप घेतलं. जेमतेम पुरत होता. त्यांनी कात्री उचलली आणि मूठ पुढे करून ती थोरलीसमोर धरली.

हा क्षण तिने मनात किती तऱ्हांनी रंगवला होता! मास्तर काहीतरी म्हणतील, निदान डोक्यावर हात ठेवतील, धाकटी बघत उभी असेल. मास्तर म्हणाले, "कॉलरखाली जोड द्यावा लागेल, बघ." आणि वळून धाकटीकडे गेले.

धाकटी मशीनशेजारी स्टुलावर बसली होती. कोट तिच्या मांडीवर होता, हातात सुई. थोरलीनेच घातलेले ते बिनचूक टाके ती आता एकेक करून उसवत होती, आणि ते काही केल्या निघत नव्हते. तिने एक टाका ओढला.

"ओढतेस काय? दाव्याला बांधलेलं जनावर आहे का ते?" मास्तर गरजले. खुर्ची ओढून तिच्या समोर बसले. "सुई खालून घाल. खालून! बोटं आहेत की लाटणी? पुन्हा."

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. नाक लाल झालं होतं. ती बाहीने डोळे पुसायची आणि पुन्हा वाकायची. मास्तर तिच्या बोटांवरून नजर हलवत नव्हते. त्यांचा आवाज दहा वर्षांनी तरुण झाला होता.

थोरली खिडकीशी टेबलापुढे उभी होती. हातात कात्री होती, चांगली जड. समोर मखमल, खडूची रेघ, पाठीमागे ती दोघं. तिने एकदा खाकरून पाहिलं. मास्तरांनी मान वळवली नाही. तिच्या कापण्यावर लक्ष ठेवायची आता कोणाला गरज वाटत नव्हती. एक क्षण तिच्या मनात आलं, मुद्दाम वाकडं कापावं, रेघ सोडून बोटभर आत जावं, म्हणजे तरी ते उठून येतील. तिने कात्रीचं तोंड रेघेच्या आत वळवलंसुद्धा. पण हाताने ऐकलं नाही. तो रेघेवर परत आला आणि शेवटपर्यंत सरळ गेला.